तीव्र संधिवात आणि हॉट योगा : तापलेल्या खोलीत पाऊल टाकण्याआधी



एरवी मी परिसर अभ्यास आणि गणिताच्या पाठांवर लिहिते. आजचा विषय जरा वेगळा वाटेल. पण आत शिरलं की लक्षात येईल, यातही तेच आहे : पाण्याचं बाष्पीभवन, शरीराचं तापमान, हाडं आणि सांधे. सगळा चौथी-पाचवीचाच अभ्यासक्रम.

झालं असं, की जानेवारीत एका सकाळी शाळेत निघायच्या गडबडीत आत्याचा फोन आला. ती सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आहे. आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. आत्या स्वतः छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होती. आता वय ६४, आणि अकरा वर्षांपासून तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. बोटं थोडी वाकडी झाली आहेत, गुडघे कुरकुरतात, थंडीत तर उठणं-बसणं म्हणजे परीक्षाच.

"अगं, काल सुनेनं मला हॉट योगाला नेलं," ती सांगत होती. "बाहेर बर्फ, आणि आत आपला चंद्रपूरचा मे महिना! काय सांगू बाप्पा, तासाभरात माझे हात वीस वर्षांपूर्वीचे झाले. मूठ पूर्ण वळली." मग आवाज खाली आला. "पण आज सकाळी दोन्ही मनगटं सुजली. चहाचा कप उचलता येईना. पुन्हा जाऊ की नको, ते सांग."

मुलगा म्हणे, "बंद कर." सून म्हणे, "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच असं होतं." आणि आत्याला जायचं होतं. हे महत्त्वाचं आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिची मूठ वळली होती, त्यामुळे नुसतं "नको" म्हणून फोन ठेवणं मला जमलं नाही. तिच्या इकडच्या डॉक्टरांशी बोलले, ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारलं, बरंच वाचलं. ते तुमच्यासमोर मांडते. मी डॉक्टर नाही, डी.एड. झालेली शिक्षिका आहे. तेव्हा हे वाचून समजून घ्या, पण निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

हॉट योगा म्हणजे नेमकं काय?

मुद्दाम तापवलेल्या खोलीत केलेली योगासने म्हणजे हॉट योगा. याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार बिक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत रुजवला. ते मूळचे कोलकात्याचे. तिथे बिष्णुचरण घोष यांच्याकडे ते शिकले. हे घोष म्हणजे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू. बिक्रम पद्धतीत २६ आसने आणि दोन श्वसनाचे प्रकार ठरलेल्या क्रमाने करतात. वर्ग ९० मिनिटांचा, खोलीचं तापमान साधारण ४० ते ४१ अंश सेल्सिअस, आणि हवेतला दमटपणा सुमारे ४० टक्के. या क्रमावर आपला हक्क आहे म्हणून चौधरी कोर्टात गेले होते. २०१५ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने सांगितलं की आसनांच्या क्रमावर कॉपीराइट लागू होत नाही. पुढे त्यांच्यावर लैंगिक छळाचे गंभीर आरोप झाले आणि बऱ्याच केंद्रांनी त्यांचं नाव पाटीवरून काढून नुसतं 'हॉट योगा' ठेवलं.

म्हणून आज 'हॉट योगा' ही पाटी दिसली तरी आत काय आहे ते विचारावं लागतं. कुठे खोली ३० अंशांवर असते, कुठे ४१ वर. कुठे संथ आसने, तर कुठे एकामागून एक भराभर, हातांवर वजन घेऊन करायची. संधिवात असलेल्या माणसाच्या दृष्टीने या दोन खोल्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

संधिवात एकच नाही

आपण घरात सगळ्यालाच 'संधिवात' किंवा नुसतं 'वात' म्हणतो. पण निदान दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत.

पहिला झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. दाराच्या बिजागरीसारखा. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तो विरळ होतो, खडबडीत होतो आणि सांधा दुखतो. बहुधा गुडघे, कंबर, खुबा, बोटांची टोकं. सकाळी आखडतं, पण बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं.

दुसरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. इथे बिजागरी झिजण्याआधी घरातला राखणदारच घरच्यांवर काठी उगारतो. आपली रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. सूज येते, सांधा गरम लागतो, सकाळचा आखडलेपणा तास-तासभर जात नाही. बरेचदा दोन्ही हात, दोन्ही मनगटं सारखीच दुखतात. मधूनमधून दुखणं उसळतं, मग काही आठवडे शांत असतं. आत्याचा प्रकार हा.

हा फरक का सांगितला? कारण उष्णता दोघांना सारखी वागवत नाही. आखडलेल्या, पण न सुजलेल्या सांध्याला शेक बरा वाटतो. लाल झालेल्या, फुगलेल्या, हाताला गरम लागणाऱ्या सांध्याला मात्र बहुधा थंड शेक मानवतो. आधीच आतून पेटलेल्या सांध्याला घेऊन ४० अंशांच्या खोलीत दीड तास बसायचं, याचा विचार तुम्हीच करा.

मग बरं का वाटलं?

आत्या खोटं बोलत नव्हती, आणि तिला भासही झाला नव्हता. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली कशी थिजते, आठवा. उन्हात ठेवली की तेल पुन्हा वाहतं. सांध्यातलं वंगण थिजत नाही, पण ऊब मिळाली की ते पातळ होतं आणि सांधा सहज सरकतो. स्नायू सैल पडतात, स्नायुबंध जास्त ताणले जातात, रक्तप्रवाह वाढतो. शिवाय उबेची जाणीव मेंदूपर्यंत पोचते तेव्हा दुखण्याची जाणीव थोडी मागे पडते. म्हणून आपण पोटात दुखलं तरी गरम पाण्याची पिशवी घेतो.

नेदरलँड्समध्ये झालेला एक छोटा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या १७ रुग्णांना चार आठवड्यांत आठ वेळा उष्ण खोलीचा, म्हणजे इन्फ्रारेड सौनाचा उपचार दिला होता. खोलीत असेपर्यंत दुखणं आणि आखडलेपणा कमी झाला, आजारही उसळला नाही. पण लक्षात घ्या, ती माणसं तिथे शांत बसली होती. एका पायावर उभं राहून गुडघ्याला कपाळ लावत नव्हती!

खरी मेख इथेच आहे. उष्णतेत सांधा नेहमीपेक्षा पुढे जातो, आणि "थांब" म्हणून सांगणारी वेदना गप्प बसलेली असते. निरोगी माणसात सांध्याभोवतीचे स्नायुबंध घट्ट दोऱ्यांसारखे सांधा जागेवर धरून ठेवतात. वर्षानुवर्षं सुजलेल्या सांध्यात हे दोर आधीच सैल झालेले असतात. ते उबेत आणखी ताणले की त्या वेळी "वा, किती वळतंय!" असं वाटतं, आणि रात्री खोली थंड झाली, ऊब उतरली, की हिशेब समोर येतो. आत्याच्या मनगटांचं बहुधा हेच झालं. तिने त्या दिवशी जमिनीवर तळवे टेकून शरीराचं वजन हातांवर घेतलं होतं, आणि दुखलं नाही म्हणून तीन वेळा घेतलं होतं.

माठाचा धडा

आता दुसरा धोका. हा सांध्यांचा नाही, सगळ्या शरीराचा आहे.

वर्गात आपण विचारतो, माठातलं पाणी थंड का होतं? मुलं एका सुरात सांगतात, बाष्पीभवनामुळे! माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. आपलं शरीर म्हणजे असाच एक माठ. घाम आला म्हणजे थंडावा मिळाला असं नाही, घाम वाळला म्हणजे थंडावा मिळाला. आमच्या विदर्भातल्या कोणालाही विचारा : मे महिन्यात कूलर काय सुंदर चालतो, आणि जुलैत पाऊस पडला की तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. हवेत आधीच ओलावा असला की पाण्याची वाफ व्हायला जागाच उरत नाही.

हॉट योगाची खोली म्हणजे मे महिन्याचं ऊन आणि जुलैचा दमटपणा एकत्र. शिवाय बंद दार, आणि वीस-पंचवीस माणसांचा घाम. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. खोली ४० अंशांवर असली की हवा शरीराला थंड करत नाही, उलट तापवते. सगळा भार घामावर. आणि घाम वाळत नाही, नुसता टपटप गळतो. गळून गेलेला घाम थंडावा देत नाही, पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एका अभ्यासात २० जणांना तापमान मोजणारी छोटी गोळी गिळायला देऊन ९० मिनिटांचा बिक्रम वर्ग करायला लावला होता. काही जणांच्या शरीराचं आतलं तापमान १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं. ही नियमित सराव असलेली, धडधाकट माणसं होती. १०३ ताप असलेल्या मुलाला आपण शाळेतून घरी पाठवतो, त्याला कवायत करायला लावत नाही.

औषधांची पिशवी काढा

संधिवाताच्या रुग्णाला उष्णतेचा त्रास जास्त होतो त्याचं एक कारण त्याच्या औषधांत असतं, आणि हे योगशिक्षकाला माहीत असेलच असं नाही. म्हणून इथे थोडं थांबू.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम करतात. एरवी शरीर सांभाळून घेतं. पण घामाने पाणी कमी झालेलं, त्यात ही गोळी, आणि त्यात रक्तदाबाची काही औषधं किंवा लघवी वाढवणारी गोळी, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आपल्याकडे साठीच्या पुढच्या किती जणांच्या डब्यात या तिन्ही गोळ्या एकत्र असतात, ते आठवून पाहा. बऱ्याच जणी वर्गाला जाण्याआधी "दुखू नये म्हणून" एक गोळी घेऊन जातात. हे तर सगळ्यात वाईट. एक तर मूत्रपिंडावर भार, आणि दुसरं, वेदनेची उरलीसुरली घंटाही बंद.

मेथोट्रेक्सेट ही आमवातात नेहमी दिली जाणारी गोळी. आठवड्यातून एकदाच घ्यायची असते (रोज नाही, ही चूक जिवावर बेतू शकते). शरीरात पाणी कमी झालं, मूत्रपिंड मंदावलं, की तिचा अंश शरीरात साचून त्रास वाढू शकतो. शिवाय गोळीच्या दुसऱ्या दिवशी अनेकांना गळल्यासारखं होतं, मळमळतं. तो दिवस वर्गाचा नाही. बरीच वर्षं स्टेरॉइड घेतले असतील तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. अशा वेळी कंबरेतून जोरात पुढे वाकणं, पाठीला पीळ देणं यात मणका दबण्याची भीती असते.

म्हणून पहिलं काम : सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "मी ४० अंशांच्या खोलीत व्यायाम केला तर चालेल का?" नुसतं "योगा करू का?" विचारू नका. त्याला ते हसून "हो, जरूर करा" म्हणतील. आत्यानेही हेच विचारलं होतं.

कोणती आसने अडचणीची?

डी.एड.ला असताना आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांचं एक वाक्य असे, आसन शरीरासाठी, शरीर आसनासाठी नाही. तेव्हा आम्ही हसायचो.

बिक्रम क्रमातलं शशांगासन घ्या. यात गुडघ्यांवर बसून, पाठ गोल करून डोक्याचा माथा जमिनीला टेकवतात. आमवात जुना असेल तर मानेतल्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल झालेला असू शकतो. बाहेरून काही कळत नाही. कधी मानेच्या मागे दुखतं, कधी हातांना मुंग्या येतात, कधी काहीच नाही. अशी मान जोरात पुढे वाकवणं किंवा डोक्यावर भार देणं म्हणजे मज्जारज्जूशी खेळ. म्हणून जुना आमवात असलेल्यांनी मानेचा एक्स-रे काढायची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय शशांगासन, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन करू नये. खोली थंड असो की गरम.

गुडघ्यांचं सांगायचं तर, सुप्त वज्रासनात आणि पंजाच्या टोकावर बसायच्या पादांगुष्ठासनात गुडघा पूर्ण दुमडून त्यावर भार येतो. झिजलेल्या गुडघ्याला हे नकोच. एका पायावरच्या आसनांत "गुडघा लॉक करा" अशी सूचना वारंवार देतात. ज्यांचे स्नायुबंध सैल आहेत त्यांचा गुडघा यात मागच्या बाजूला जास्त ताणला जातो. गुडघा किंचित सैल ठेवा, शिक्षक रागावले तरी. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर गरुडासनासारखी पायावर पाय गुंफायची आसने शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करायची नाहीत, कृत्रिम सांधा जागेवरून निसटू शकतो.

आणि घामाने ओली झालेली मॅट! एका पायावर उभं असताना त्यावर पाय सरकला, तर योग राहील बाजूला, प्लास्टर हातात येईल. मॅटवर सुती टॉवेल, आणि शेजारी भिंत किंवा खुर्ची हवीच.

काही जणांनी मात्र गरम खोलीचा नादच सोडावा. ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत, ज्यांना पूर्वी उष्माघात झाला आहे, ज्या गर्भवती आहेत, आणि ज्यांचं दुखणं सध्या उसळलेलं आहे त्यांनी. यात "थोडं करून पाहू" नाही.

डॉक्टर हो म्हणाले, आता कसं जायचं?

आधी केंद्रात फोन करून तापमान विचारा. "ऊबदार" म्हणून ३० ते ३२ अंशांचा वर्ग असेल तर तोच निवडा, ४० चा नाही. वर्ग संथ असावा, शिक्षकांनी संधिवाताच्या माणसांना शिकवलेलं असावं. पहिल्या दिवशी त्यांना सगळं सांगा : कोणते सांधे, कोणती औषधं, काय करणार नाही. "मध्येच बाहेर जायचं नाही" असा ज्यांचा नियम असेल त्यांना लांबून नमस्कार करा. जागा दाराजवळची घ्या. सुरुवात वीस मिनिटांनी, पूर्ण वर्गाने नाही. बाकी वेळ बाहेर येऊन बसा, पैसे वाया गेले म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

पाण्याचं गणित सोपं आहे, पाचवीतला मुलगाही करेल. वर्गाआधी आणि वर्गानंतर वजन करा, घामाचे कपडे काढून. एक किलो कमी झालं म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी गेलं. वर्गाच्या दोन तास आधी दोन ग्लास पाणी प्या, वर्गात घोट-घोट, आणि नंतर हळूहळू भरपाई. पण भडाभडा नुसतं पाणी पिऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होतं. घाम जास्त गेला असेल तर ओआरएस घ्या, किंवा घरी करा : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने. मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी हेही विचारूनच. लघवी गर्द पिवळी झाली की समजायचं, पाणी कमी पडतंय.

चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, छातीत धडधड, त्या उष्णतेतही अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं की आसन सोडा आणि खोलीबाहेर या. आत खाली बसून राहणं पुरेसं नाही, कारण खाली बसलं तरी हवा तीच आहे. बोलणं असंबद्ध झालं, माणूस गोंधळला तर तो उष्माघात समजा. अंग ओलं करून वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि शेवटी दोन तासांचा नियम. फिजिओथेरपिस्ट ताईंनी हा सांगितला, मला फार आवडला. व्यायामानंतर दोन तासांनी दुखणं व्यायामाआधीपेक्षा जास्त असेल, तर तुम्ही जास्त केलं. पुढच्या वेळी कमी करा. वर्गातून बाहेर पडताना कसं वाटतं याला गुण द्यायचे नाहीत, ऊब तिथे पेपर फोडते! दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ० ते १० मध्ये आकडा वहीत लिहा. सांधा सुजला, तर सूज पूर्ण उतरेपर्यंत सुट्टी.

उष्णता लागतेच का?

हा प्रश्न मी उशिरा विचारला, खरं तर आधी विचारायला हवा होता. टेक्सासमधल्या एका विद्यापीठात ४० ते ६० वयाच्या माणसांना बारा आठवडे बिक्रमचीच २६ आसने करायला लावली. एका गटाला तापलेल्या खोलीत, दुसऱ्याला साध्या २३ अंशांच्या खोलीत. २०१८ साली निष्कर्ष छापून आला : रक्तवाहिन्यांच्या आरोग्यात सुधारणा दोन्ही गटांत सारखीच. उष्णतेने वेगळं काही पदरात टाकलं नाही. हा अभ्यास संधिवातावर नव्हता. पण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास संधिवातावरच होता. आमवात किंवा गुडघ्याची झीज असलेले ७५ जण त्यात होते. आठवडे आठ, आठवड्याला तासाचे दोन वर्ग आणि एकदा घरी सराव. दुखणं, उत्साह, चालणं-फिरणं, सगळ्यात फरक पडला आणि त्यातला बराचसा नऊ महिन्यांनीही टिकून होता. ही साधी, नेहमीच्या खोलीतली, प्रत्येकाच्या सांध्यांप्रमाणे बदललेली आसने होती.

यासाठी आपल्याला अमेरिकेत जायचीही गरज नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं ते योगाची शास्त्रीय तपासणी करण्यासाठीच. आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टा, लाकडी विटा, खुर्ची, लोड, दोर यांच्या आधाराने दुखऱ्या शरीरालाही आसन करता येईल अशी पद्धत बसवली. मला स्वतःला आत्यासारख्या माणसासाठी हाच रस्ता जास्त पटतो. हात वर जात नाही तर पट्टा धरा. मनगट दुखतं तर तळव्याऐवजी कोपरापासूनचा हात टेबलावर टेकवा. जमिनीवर बसता येत नाही तर खुर्चीत बसा.

ऊब हवीच असेल तर ती आधी द्या, आसनांच्या वेळी नाही. गरम पाण्याने अंघोळ करा, किंवा कोमट पाण्याच्या टोपात दहा मिनिटं हात बुडवून बोटं उघडमीट करा, आणि मग साध्या खोलीत आसने. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात हातांना मेणाचा शेक देतात, तोही छान. मूठ वळते, आणि शरीरही तापत नाही.

हे सगळं मी आत्याला दोन-तीन फोनमध्ये सांगितलं. ती जुनी शिक्षिका, तिने माझ्याच प्रश्नपत्रिकेत चार चुका काढल्या. मग तिने तिकडच्या डॉक्टरांकडे गोळ्यांची पिशवी नेली आणि मानेचा एक्स-रेही काढला. त्यांनी ४० अंशांच्या खोलीला स्पष्ट नाही सांगितलं, पण ऊबदार वर्गाला परवानगी दिली. आता ती आठवड्यातून एकदा, ३१ अंशांच्या वर्गात, दाराजवळ खुर्ची टाकून अर्धा तास बसते. हातांवर वजन घेत नाही. बाकीचे दिवस सकाळी कोमट पाण्याचा टोप आणि स्वयंपाकघरातली खुर्ची.

काल फोनवर वहीतले आकडे वाचून दाखवत होती. दोन तासांनंतर चार, दुसऱ्या दिवशी तीन. कप उचलता येतो म्हणाली, भरलेला कुकर अजून नाही. एप्रिलअखेर ती परत येते आहे. इथे तेव्हा फुकटचाच हॉट योगा चालू असेल, तेव्हा तिची खुर्ची मी सकाळी सहाला अंगणात टाकायची ठरवली आहे, ऊन वर यायच्या आत.